लॅपटॉप आणि ड्रमसेट एकाच स्टेजवर: ताल नेमका कोणाच्या हातात असतो?

स्टेजवर ड्रमसेट आहे, गिटार आहे, बेस आहे आणि बाजूला टेबलावर एक लॅपटॉप उघडा ठेवलेला आहे, असा बँड दिसला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असते, "अबे, सगळं लॅपटॉपवरच वाजून राहिलं, पोट्टे नुसते उभे आहेत." मला हे बोलणं खरंच टोचते, कारण ज्यांनी हे काम जवळून पाहिलं त्यांना माहीत असते की लॅपटॉप सोबत घेतला की वाजवणाऱ्याचं काम कमी होत नाही, उलट वाढते. आतमध्ये नेमकं काय चालते ते कोणी साध्या भाषेत सांगत नाही, म्हणून इथे सांगून राहिलो.

तसं पाहिलं तर मशीन आणि हातानं वाजवायचं वाद्य एकत्र, हे विदर्भातल्या माणसाला काही नवीन नाही. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ढोलकीच्या बाजूला ऑक्टापॅड, म्हणजे काडीनं वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड, असतोच. नागपूरकडच्या धुमालमध्ये कातड्याच्या वाद्यांसोबत कॅसिओ आणि पॅड वाजतात आणि रस्ता हलवून सोडतात. वडसा, ब्रम्हपुरी, सिंदेवाहीकडे मंडई म्हणजे गावची जत्रा, नाहीतर शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असली की झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालते, तिथे तबल्याच्या सोबत कीबोर्ड आणि पॅड घेऊन बसलेले वादक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पण या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे, मशीन माणसाच्या मागे चालते. पॅडवर माणूस मारेल तेव्हाच आवाज निघतो, माणूस थांबला की मशीन थांबली. इलेक्ट्रॉनिक रॉक वाजवणारा बँड वेगळा होतो तो इथेच, कारण त्याच्यात मशीन स्वतः पुढे चालत राहते आणि माणसांना तिच्यासोबत राहावं लागते. सगळी गुंतागुंत इथून सुरू होते.

थोडा इतिहास सांगतो, मग कामाचं. लंडनच्या 'द हू' या रॉक बँडनं १९७१ मध्ये सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर आवाज तयार करणाऱ्या वाद्याचा, भाग आधीच टेपवर भरून ठेवला आणि स्टेजवर ती टेप चालू करून बाकीच्यांनी सोबत वाजवलं, त्यांचा ड्रमर कीथ मून कानाला हेडफोन लावून टेप ऐकत ड्रम वाजवायचा. म्हणजे आज जे लॅपटॉपवर होते ते पन्नास वर्षांपूर्वी टेपवर होत होतं. मग १९८० मध्ये जपानच्या रोलँडनं टीआर-८०८ हे ड्रम मशीन काढलं, त्याच्या मागोमाग १९८१ मध्ये टीबी-३०३ आलं, हे तर मुद्दाम बेस गिटारवाल्याच्या जागी वापरता यावं म्हणून बनवलं होतं. तेव्हा ही मशीन बाजारात फार चालली नाहीत आणि काही वर्षांत बंद पडली, नंतर जुनी म्हणून स्वस्तात विकली जाऊ लागली तेव्हा कमी पैशातल्या कलाकारांनी ती उचलली आणि त्यातून नवीन संगीत उभं राहिलं. आपल्या मुंबईच्या चरणजीत सिंह यांनी १९८२ मध्येच हीच दोन मशीन आणि सोबत ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्को तालावर रेकॉर्ड केले होते, तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही, २०१० मध्ये ती रेकॉर्ड परत निघाली तेव्हा जगाचे कान टवकारले.

रॉक बँडचं उदाहरण द्यायचं तर मँचेस्टरचा 'न्यू ऑर्डर'. त्यांचं १९८३ चं 'ब्लू मंडे' हे गाणं घ्या, ड्रम मशीनचा ठोका, सिंथची धून प्रोग्राम केलेली, आणि वरून पीटर हुकचा हातानं वाजवलेला बेस. सिंथवाली जिलियन गिल्बर्ट हिला एकेक सूर हातानं मशीनमध्ये भरावा लागला होता, सगळं कागदावर लिहून कागद एकमेकांना चिकटवून लांबच्या लांब पट्टी केली होती, आणि भरताना एक सूर सुटला, त्यामुळे ती धून तालापासून थोडी सरकली. ती तशीच ठेवली आणि लोकांना तेच आवडलं. आपल्याकडे मुंबईचा 'पेंटाग्राम' बँड, विशाल ददलानी गायला आणि रँडॉल्फ कोरिया गिटारवर, यांनी रॉकमध्ये इलेक्ट्रॉनिक मिसळण्याचं काम बरीच वर्षं केलं.

आता मुख्य मुद्दा, वेळ. गाण्याचा वेग बीपीएममध्ये मोजतात, म्हणजे एका मिनिटात किती ठोके. १२० बीपीएम म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका. लॅपटॉपला १२० सांगितलं की तो रात्रभर १२० वरच राहील, त्याला जोश चढत नाही, थकवा येत नाही. माणसाचं तसं नसते, पब्लिक ओरडली की ड्रमरचा हात आपोआप वाढतो, गाण्यात परत परत येणारा कोरस आला की वाढतो, हळू भाग आला की मंदावतो. समजा ड्रमर १२० च्या जागी १२१ ला गेला, ऐकणाऱ्याला हा फरक कळणारसुद्धा नाही, पण अर्ध्या मिनिटात तो लॅपटॉपच्या अर्धा ठोका पुढे गेलेला असतो, आणि अर्धा ठोका म्हणजे सगळा सत्यानाश, मशीनची टाळी पडते तिथे ड्रमरचा हात वर असतो.

आणि आपल्या भागातल्या पोट्ट्यांना ही गोष्ट जास्तच जड जाते असं मला वाटते, त्याला कारण आहे. आपला कान खंजिरी भजनावर तयार झालेला आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीपासून ते गावातल्या हनुमानाच्या पारापर्यंत भजन कसं चालते पहा, सुरुवात संथ, मग हळूहळू लय चढत जाते, शेवटी शेवटी तर खंजिरीवरची बोटं दिसतसुद्धा नाहीत. लय चढणं हाच तिथला आनंद आहे. त्या वातावरणात वाढलेला ड्रमर पहिल्यांदा मशीनसोबत वाजवतो तेव्हा त्याला वाटते कोणीतरी हात धरून ठेवला आहे. त्यात त्याचं काही कमी नाही, त्याचं शिक्षण वेगळं झालं आहे एवढंच.

यावर उपाय म्हणजे क्लिक. ड्रमरच्या कानात हेडफोन असतो आणि त्यात टिक-टिक-टिक-टिक असा कोरडा आवाज सतत चालू असतो, पब्लिकला तो ऐकू येत नाही. ड्रमर त्या टिकला धरून वाजवतो, बाकीचे ड्रमरला धरून वाजवतात. म्हणजे मशीनच्या तालावर थेट एकच माणूस उभा असतो आणि पूर्ण बँड त्याच्यावर उभा असतो. स्टेजवर ड्रमर हेडफोन घालून काहून बसला असा प्रश्न पडला असेल तर हे त्याचं उत्तर.

पैसे कमी असलेले बँड हे कसं जमवतात ते पाहण्यासारखं आहे. लॅपटॉपला हेडफोनचं एक भोक असते, त्यातून दोन आवाज निघतात, डावा आणि उजवा. गाण्याची फाईल बनवतानाच डावीकडे फक्त क्लिक टाकायचा आणि उजवीकडे सिंथ, लूप म्हणजे परत परत वाजणारे तुकडे, जे काय पब्लिकला ऐकवायचं ते. मग बाजारात मिळते ती एक छोटी पिन आणि तिला दोन शेपट्या असलेली वायर घ्यायची, डावी शेपटी ड्रमरच्या हेडफोनच्या छोट्या अँपला, उजवी शेपटी मिक्सरला. झालं काम. यात पब्लिकला स्टिरिओ मिळत नाही, सगळं एकाच बाजूचं म्हणजे मोनो जाते, पण गावच्या मैदानावर दोन बाजूंना बॉक्स लावलेले असताना मोनोनं काही बिघडत नाही, उलट एका टोकाला उभ्या असलेल्या माणसालाही सगळं ऐकू येते. फक्त एक सांभाळायचं, शेपट्या उलट्या लागल्या तर क्लिक पूर्ण गावाला ऐकू जाईल, म्हणून वायरवर रंगीत टेप गुंडाळून ठेवा.

क्लिकवर चालायचं नसेल तर दुसरा मार्ग आहे. आवाजाचे छोटे छोटे तुकडे पॅडवर लावायचे आणि ड्रमरनं स्वतः वेळेवर मारायचे, मग ताल परत माणसाकडे येतो. एबलटन लाईव्ह नावाचं सॉफ्टवेअर २००१ मध्ये आलं ते यासाठीच लोकांना आवडलं, त्यात गाण्याचे तुकडे चौकटीत मांडलेले असतात आणि कोणता कधी सुरू करायचा ते वाजवताना ठरवता येते, कोरस दोनदा घ्यावासा वाटला तर घ्या. २०२१ च्या अकराव्या आवृत्तीत तर त्यांनी अशी सोय दिली की मशीन माईकमधून ड्रम ऐकते आणि ड्रमरच्या वेगाप्रमाणे स्वतःचा वेग बदलते. चढत्या लयीच्या भजनाचा रॉक करायचा असेल तर मी म्हणेन हे नक्की करून पहा, नाहीतर आधीच ठरवून ठेवा की पहिला अंतरा ९६ वर, दुसरा १०४ वर, शेवट १२० वर, आणि क्लिकलाच तसं चढायला लावा.

आता मिडी. हा शब्द ऐकून लोक घाबरतात, घाबरण्यासारखं त्यात काही नाही. १९८३ पर्यंत प्रत्येक कंपनीचं सिंथ आपल्याच भाषेत बोलायचं, एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेऊन सगळ्यांसाठी एक भाषा ठरवली, ती मिडी, आणि आजही तीच चालते. यात लक्षात ठेवायची गोष्ट एकच, मिडीच्या वायरमधून आवाज जात नाही. झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर असतो ना, तो विंगेतून वाक्य सांगतो, पण पब्लिकला ऐकू येतो तो नटाचा आवाज, मिडीचं काम तेवढंच, काय वाजवायचं, कधी आणि किती जोरात ते सांगायचं.

ऑक्टापॅडवर एक काडी मारली तर वायरमधून काय जाते ते जवळून पाहू. साधारण असं जाते: चॅनल १०, नोट ३६, जोर ११२. चॅनल १० म्हणजे ड्रमचा, ३६ म्हणजे बास ड्रम, आणि जोर ० ते १२७ मध्ये मोजला जातो, हळू मारलं तर ४०-५० येईल, दणकून मारलं तर १२७. एवढे तीनच आकडे. समोरच्या मशीननं ठरवायचं की ३६ आला की कोणता आवाज काढायचा, तिथे टीआर-८०८ चा गोल घुमणारा बेस लावा, ढोलाचा ठेका लावा, किंवा तुमच्या घरच्या लोखंडी दाराचा मोबाईलमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज लावा, पॅडला काही फरक पडत नाही. मला मिडीची सगळ्यात मोठी ताकद हीच वाटते, कारण गोंडी ढोलाचा आवाज एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवला की तो इलेक्ट्रॉनिक किटमध्ये वाजवता येतो, फक्त ज्यांच्याकडून घेतला त्यांना विचारून आणि त्यांचं नाव देऊन, ही गोष्ट मी मनापासून सांगून राहिलो.

पॅड मारला आणि आवाज जरा उशिरा आला, हा अनुभव लॅपटॉपवाल्या प्रत्येकाला येतो, याला लेटन्सी म्हणतात. कॉम्प्युटर आवाजाचे एका सेकंदात ४४,१०० नमुने घेतो, पण ते एकेक करून पुढे पाठवत नाही, काही जमले की गठ्ठा पाठवतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. बफर १२८ चा असेल तर जवळपास ३ मिलिसेकंद उशीर, १०२४ चा असेल तर २३ मिलिसेकंद. गिटार लॅपटॉपमधून जात असेल तर आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा असा दुप्पट. हवेत आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एका मीटरला ३ मिलिसेकंद, म्हणून ६ मिलिसेकंदाचा उशीर म्हणजे अँपपासून दोन मीटर लांब उभं राहिल्यासारखं, त्यानं कोणाचं काही अडत नाही. पण दोन्ही वेळचा मिळून ४५-५० झाला की हात आणि कान वेगळे पडतात, वाजवणारा स्वतःलाच दोष देत बसतो आणि प्रॅक्टिस वाढवतो, खरं म्हणजे सेटिंग बदलायचं असते. वाजवताना बफर लहान ठेवा, लॅपटॉप अडखळायला लागला, कटकट आवाज यायला लागला तर एक पायरी वाढवा, विंडोजवर असाल तर असिओ ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचा उशीर कमी करणारं छोटं सॉफ्टवेअर, टाका, वायफाय बंद करा. फक्त तयार ट्रॅक वाजवायचा असेल तर बफर मोठा असला तरी चालते, तिथे उशिराचा प्रश्नच नाही.

दुसरं भांडण असते खालच्या आवाजाचं. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांवर वाजते, इलेक्ट्रॉनिक किक म्हणजे मशीनचा बास ड्रम साधारण ५०-६० च्या आसपास बसतो, ड्रमसेटचा खरा बास ड्रमही तिथेच, आणि सिंथचा बेस असला तर तोही तिथेच. आपल्याकडे डीजेचे अठरा इंची बेस लावलेले असतात, चौघेही एकाच वेळी त्यात घुसले की आवाज मोठा होतो पण ठोका दिसत नाही, नुसता गडगडाट. घरी मोबाईलवर जे गाणं छान वाटत होतं ते मैदानावर चिखल होते ते यामुळेच, मोबाईलच्या स्पीकरला तो खालचा भाग वाजवताच येत नाही. म्हणून गाणं बांधतानाच ठरवावं लागते की या भागात खाली कोण, त्या भागात कोण. अंतऱ्यात सिंथचा बेस असेल तर बेस गिटारवाल्यानं वरच्या तारांवर जावं किंवा थांबावं, थांबणं हेसुद्धा वाजवणंच आहे. किक पडला की तेवढ्या क्षणापुरता बेस आपोआप खाली दाबला जाईल अशीही सोय असते, तिला साईडचेन म्हणतात, डान्सच्या गाण्यात आवाज श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होतो तो याच्यामुळे. गिटारचा डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटका केलेला आवाज, तोही कमी घ्या, तो मधली सगळी जागा खाऊन टाकतो आणि मग गाणाऱ्याचे शब्द ऐकू येत नाहीत.

आता लाईन, म्हणजे वीज. गावात कार्यक्रम म्हटला की लाईनचा विचार आधी, सुराचा नंतर. लॅपटॉपला चार्जर लावला आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज यायला लागला तर बहुतेक वेळा ग्राउंड लूप असतो, म्हणजे अर्थिंग दोन रस्त्यांनी जोडलं जाऊन वेढा तयार झालेला असतो, आपली वीज ५० हर्ट्झची, तोच ५० आणि १०० चा सूर ऐकू येतो. चार्जर काढून पहा, आवाज गेला तर कारण सापडलं. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे आवाज मिक्सरला नीट पोचवणारी छोटी डबी, टाका, त्यात ग्राउंड लिफ्टचं बटण असते, ते दाबलं की प्रश्न सुटतो. साऊंडची लाईन आणि मंडपाच्या लाइटिंगची लाईन वेगळी मागा, सिरीज आणि डिमरचा किरकिर आवाज गिटारमध्ये येतो.

पण घूं आवाज जावा म्हणून कोणी प्लगची अर्थिंगची पिन तोडून देतो म्हणाला तर हात जोडून नाही म्हणा. गिटारच्या तारा लोखंडी आणि माईकची जाळीही लोखंडी, अर्थिंग नसेल आणि कुठे लिकेज असेल तर बोट तारेवर आणि ओठ माईकवर असताना करंट शरीरातून जातो. स्कॉटलंडच्या 'स्टोन द क्रोज' बँडचा गिटारवाला लेस हार्वी १९७२ मध्ये चालू कार्यक्रमात असाच माईकला हात लागून गेला. कार्यक्रमाच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून टेस्टरनं माईक आणि गिटार दोन्ही तपासून घ्या, पाऊस झालेला असेल तर स्टेजवर रबरी मॅट टाका, जनरेटरलाही अर्थिंग करायला लावा.

आणि लाईन गेली तर काय होते ते ऐका. अँप बंद, मिक्सर बंद, गिटार मुकी, पण लॅपटॉपला बॅटरी आहे, तो आपला पुढे चालतच राहतो. जनरेटर सुरू व्हायला एखादं मिनिट लागलं तर लाईन परत येईपर्यंत लॅपटॉप दुसऱ्या अंतऱ्यावर पोचलेला असतो. म्हणून समजदार बँड आधीच ठरवून ठेवतात, अंधार झाला की लॅपटॉपवाला पहिले स्पेसबार दाबेल आणि ड्रमर एकटा वाजवत राहील, कारण त्याला लाईन लागत नाही. लाईन आली की चार ठोके मोजून सगळे कोरसपासून सुरू.

राहिला प्रश्न स्वतंत्र बँडचा, म्हणजे ज्यांच्या मागे कंपनी नाही. आपल्याकडचे पोट्टे बारावीनंतर एक नागपूरला, एक पुण्याला, एक घरी वावर पाहत, असे विखुरतात आणि बँड तिथेच संपतो. पण क्लिकवर काम करायची सवय असेल तर बँड विखुरल्यावरही चालते. सगळ्यांनी एकच बीपीएम धरायचा, एकाच जागेपासून रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि आपापला भाग पाठवायचा. चार मिनिटांचा एक मोनो भाग चांगल्या क्वालिटीत, म्हणजे २४ बिटच्या वेव्ह फाईलमध्ये, साधारण ३२ एमबी होतो, मोबाईलच्या नेटवर आरामात जाते. ड्रम रेकॉर्ड करायला खोली आणि सात-आठ माईक लागतात, ते परवडत नाही, म्हणून मग ड्रम मिडीवर बनवतात आणि गिटार, बेस, आवाज खरा घेतात. इतक्या स्वतंत्र बँडमध्ये इलेक्ट्रॉनिक आवाज का असतो याचं हे एक कारण आहे, आवड तर असतेच, पण गरजही असते.

हक्काचंही लिहून ठेवा. आपल्या कायद्यात गाण्याचे शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे धरले जातात, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकार यांच्या रॉयल्टीच्या वाट्याला संरक्षण दिलं आहे. म्हणून जुन्या सिनेमाच्या गाण्याचा तुकडा किंवा कोणाच्या भीमगीताचा आवाज लूपमध्ये घेतला तर परवानगी लागते, चार सेकंद घेतलं तरी लागते. आणि आपसात कोणी चाल लावली, कोणी शब्द लिहिले, कोणाचा किती वाटा, हे गाणं निघायच्या आधी एका कागदावर सह्या करून ठेवा, दोस्ती आहे तेव्हाच.

सुरुवात करायला फार सामान लागत नाही. ओळखीच्या ऑर्केस्ट्रावाल्याकडे रोलँडचा एसपीडी-२० असेल तर त्याच्या मागे पहा, मिडी आऊटचं गोल पाच पिनचं भोक असते, तिथून मिडी-यूएसबी वायर लावली की तो पॅड लॅपटॉपचा होतो. दोन इनपुटचा एक ऑडिओ इंटरफेस म्हणजे गिटार-माईक लॅपटॉपला जोडणारी डबी, एक हेडफोन, एक डीआय बॉक्स. पहिला महिना गाणं बनवूच नका, ड्रमरनं रोज नुसतं ८० वर, मग १०० वर, मग १२० वर क्लिकसोबत वाजवायचं आणि रेकॉर्ड करून ऐकायचं. वेगात वाजवणं सोपं वाटेल, ७० च्या खाली गेलात की दोन टिकांच्या मधली मोकळी जागा खायला उठते, तिथे जास्त दिवस द्या.